बाबांचे सत्तर हजार फोटो: आधी तारखा, मग नावं, पुसापुशी सगळ्यात शेवटी

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मागे चार हार्ड डिस्क, एक जुना कॉम्प्युटर, बुटांच्या खोक्यात भरलेल्या सीडी आणि दोन फोन राहिले. सगळं मिळून ७०,००० च्या आसपास फाइली, एक टीबीला थोडं वरच. त्यात पेंचचे वाघ आहेत, घराण्यातली लग्नं आहेत, आजोबांच्या वेळचे स्कॅन केलेले फोटो आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातही आहेत. सुरुवात कुठून करू, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, किती फोटो पुसू, कॅमेऱ्याच्या कच्च्या ‘रॉ’ फाइलींचं काय करू आणि बंगळुरूच्या भावाला हे सगळं कसं देऊ, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, फिल्मच्या काळापासून मी सीताबर्डीत हेच काम करतो आहे, आणि आता तर लोकांचे घरगुती संग्रह लावून देण्यातच माझा बहुतेक दिवस जातो. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: पुसण्यापासून सुरुवात करू नका. संग्रह हाती आला की प्रत्येकाला पहिली घाई तीच होते. एका फोटोला नुसते तीन सेकंद दिले तरी ७०,००० फोटोंना ५८ तास लागतात. एवढं करून हाती काय येतं? थोडे कमी फोटो. त्यातला कोण कुठला, कधीचा, हे पहिल्याइतकंच अंधारात राहतं. फोटो कधी काढला हे यंत्राकडून बऱ्याच अंशी काढून घेता येतं. फोटोत कोण आहे हे मात्र तुमच्या आईला, आत्याला, एखाद्या म्हाताऱ्या मामांनाच ठाऊक असतं. तुमचा वेळ तिथे गेला पाहिजे. जागेची चिंता नको, डिस्क बाजारात मिळते.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी काहीही लावायचं नाही, आवरायचं नाही, फक्त नक्कल करायची. एक नवी डिस्क घ्या, चार टीबीची असली तर उत्तम, आणि तिच्यावर ‘मूळ’ नावाचा फोल्डर करा. त्यात प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा फोल्डर: निळी डिस्क, काळी डिस्क, बाबांचा फोन, सीडी. जुन्या डिस्कमधलं जसंच्या तसं तिथे उतरवा. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतायचं नाही, याला कारण आहे. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे एकाच नावाच्या पण वेगवेगळ्या फोटोंच्या फाइली तुमच्याकडे नक्की असणार. एकत्र ओतताना कॉम्प्युटर विचारतो, ‘आधीची बदलू का?’ आणि कंटाळून दिलेला एक होकार शेकडो फोटो कायमचे घालवतो. दुसरं असं, की बाबांनी फोल्डरला दिलेलं नाव हीसुद्धा माहितीच आहे. ‘पप्पूची मुंज रामटेक’ एवढ्या तीन शब्दांत माणूस, प्रसंग आणि गाव आलं.

जुन्या कॉम्प्युटरवरून उतरवताना लपवलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग आधी करा. बाबा पिकासा हे गूगलचं जुनं फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर हे फार गरजेचं आहे. पिकासामध्ये फोटो सुधारून सेव्ह केला की मूळ फोटो ‘पिकासाओरिजिनल्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायचा, आणि चेहऱ्यांची, आवडत्या फोटोंना दिलेल्या ताऱ्यांची माहिती प्रत्येक फोल्डरमधल्या एका छोट्या आयएनआय फाइलीत. गूगलनं २०१६ साली पिकासा बंद केलं, पण त्या फाइली तशाच पडून असतात. नुसते दिसणारे फोटो उचलले तर मूळ मागेच राहून जातात.

सीडींना पहिला मान द्या. घरी जाळलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उष्णतेनं, उजेडानं खराब होत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखाली, लोखंडी कपाटात ठेवलेल्या सीडीनं असे किती उन्हाळे काढले असतील, विचार करा. एका ड्राइव्हमध्ये वाचली नाही तर टाकून देऊ नका. दुसऱ्या, शक्यतो जुन्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, अनेकदा तिथे चालते. हार्ड डिस्कचंही उन्हाशी जमत नाही. बाहेरून लावायच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकावर चालू असतानाचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं. तेव्हा एप्रिल-मेमध्ये भर दुपारी टीबीभर नक्कल लावून जेवायला जाऊ नका. पहाटे किंवा रात्री करा. आणि कूलरच्या झोतात डिस्क ठेवू नका, ती हवा थंड असते पण ओलीही असते. वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. वेळेचा अंदाज असा: जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर एक टीबीला आठ तास लागतात, यूएसबी ३ वर तीनच्या आत होतं. निळ्या रंगाचं पोर्ट दिसलं तर ते बहुधा यूएसबी ३ असतं.

नक्कल झाली की पडताळा घ्या. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलीची दोन्हीकडची बेरीज, म्हणजे आतल्या माहितीवरून काढलेला ओळखआकडा, ताडून बघतं आणि कुठे फरक असला तर सांगतं. पडताळा बरोबर आला की जुन्या डिस्क, सीडी, कार्डं पिशवीत घालून बाजूला ठेवा. ‘मूळ’ फोल्डरची आणखी एक नक्कल करून तिच्यावर काम करा.

आता तारखा, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळी मांडणी तारखांवर उभी राहते.

फोटोच्या फाइलीला एक सोडून चार-पाच तारखा असतात. विंडोज दाखवतं ती ‘तयार केल्याची’ तारीख नक्कल करताच आजची होते, म्हणजे तिचा उपयोग शून्य. खरी तारीख फोटोच्या पोटात, एक्झिफ माहितीत असते, आणि तिथेही ‘मूळ फोटो काढल्याची वेळ’ हा रकाना वेगळा आणि ‘फाइल बदलल्याची वेळ’ वेगळा. तुम्हाला हवा तो पहिला. पण तोही कॅमेऱ्याच्या घड्याळावर अवलंबून. बॅटरी काढून कॅमेरा बरेच दिवस पडून राहिला की घड्याळ मागे जातं आणि अख्खं लग्न १ जानेवारीच्या मध्यरात्री लागल्यासारखं दिसतं.

हे दुरुस्त करायला एक फोटो पुरतो. त्या तुकडीतला असा एक फोटो शोधा ज्याची खरी वेळ तुम्हाला पक्की सांगता येते. भिंतीवरचं घड्याळ, मागे लटकलेलं कॅलेंडर, पत्रिकेवरचा मुहूर्त, काहीही चालेल. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच प्रसंगाचा कुणाच्या तरी फोनवरचा फोटो, कारण फोन नेटवर्कवरून वेळ घेतो. समजा मंगलाष्टकं संपून अक्षता उडताहेत, तो क्षण कॅमेऱ्यातही आहे आणि काकांच्या फोनमध्येही. दोन्ही वेळांतला फरक काढा आणि त्या कार्डावरच्या सगळ्या फोटोंना एकदम तेवढं पुढे सरकवा. मधले फोटो आपोआप जागेवर येतात, क्रम मोडत नाही. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे काम एका ओळीच्या आज्ञेत करतं. आज्ञा लिहायची नसेल तर डिजिकॅम या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ सरकवायची खिडकी आहे. दोन्ही मोफत आहेत.

आपल्या गावात तारीख शोधायला आणखी खुणा आहेत. अंगणात लाकडी बैल सजवून उभी असलेली पोरं म्हणजे तान्हा पोळा. काळी-पिवळी मारबत रस्त्यावर दिसली तर पोळ्याचा दुसरा दिवस. वर्ष तेवढं कळलं की जुन्या पंचांगात तारीख सापडते, आणि वर्ष घरच्यांकडून निघतं: धाकटी तेव्हा कितवीत होती, वरचा मजला चढला होता का. सीताबर्डीवरून मेट्रो जाताना दिसली तर फोटो बहुधा मार्च २०१९ किंवा त्यानंतरचा, कारण ती तेव्हा सुरू झाली. जुन्या स्कॅनमध्ये स्कूटरवर एमएच-३१ अशी पाटी वाचता आली तर तो १९८९ चा किंवा त्यानंतरचा. असे धागे जुळवायला मजाही येते, आणि घरातली पोरंटोरं यात हौसेनं बसतात.

स्कॅन केलेल्या फोटोंवर स्कॅनरनं आपली तारीख टाकलेली असते, ती ओळखून बदला. नक्की दिवस माहीत नसेल तर वर्षाची १ जानेवारी टाका आणि मथळ्यात ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. छापील फोटोंचा गठ्ठा अजून स्कॅन व्हायचा असेल तर ६०० डीपीआय पुरे. पाठीमागची बाजूही स्कॅन करा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी आजोबांच्या हातच्या दोन ओळी असतात.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळा विषय आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं आणि ‘एचडी’ न निवडता पाठवला तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो आल्या-गेल्याची असते, काढल्याची नव्हे. २०१८ साली आत्यानं पाठवलेला तिच्या लग्नाचा फोटो २०१८ चा म्हणून लागतो तो यामुळेच. त्या फोल्डरमधला ‘सेंट’ नावाचा भाग म्हणजे बाबांनी पाठवलेल्या फोटोंच्या लहान नकला. मोठा मूळ फोटो सापडला की ती नक्कल काढायला हरकत नाही. मात्र सुप्रभातांच्या रागानं पूर्ण फोल्डर उडवू नका. काही प्रसंगांचा एकुलता एक फोटो तिथेच असतो, कारण ज्यानं काढला त्याचा फोन केव्हाच गेलेला असतो.

बाबांचं गूगल फोटोज असेल तर गूगलचीच टेकआउट नावाची सोय वापरून सगळं उतरवून घ्या. तिथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली, १ जून २०२१ पर्यंत ‘हाय क्वालिटी’मध्ये चढवलेले फोटो अमर्याद फुकट ठेवले जायचे, पण ते दाबलेले असत आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे लहान केलेले. डिस्कवर मूळ असेल तर तोच खरा. दुसरी, टेकआउट प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल देतं, आणि बाबांनी गूगलमध्ये बसून सुधारलेल्या तारखा, लिहिलेली वर्णनं फक्त तिच्यात असतात. या फाइली कचरा समजून टाकू नका. त्यांच्यातली वेळ जागतिक असते, भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हे लक्षात घेतलं नाही तर रात्री बाराला कापलेला वाढदिवसाचा केक आदल्या संध्याकाळी साडेसहाला कापलेला दिसतो आणि वाढदिवस एक दिवस अलीकडे येतो. परदेशच्या सहलीतही हाच घोळ: फोन तिकडची वेळ घेतो, कॅमेरा नागपूरचीच धरून बसतो.

तारखा लागल्या की जुळे फोटो. यात तीन प्रकार आहेत आणि तिघांना एकाच मापानं मोजू नका. अक्षरशः एकच असलेल्या फाइली यंत्र त्यांच्या हॅशवरून, म्हणजे वर सांगितलेल्या ओळखआकड्यावरून, ओळखतं. चकावका (Czkawka) किंवा ऑलडप (AllDup) चालवा आणि त्या बिनधास्त काढा. दुसरा प्रकार, तोच फोटो पण लहान-मोठा. हे यंत्र सुचवतं, निर्णय तुम्ही घ्या, आणि साधारणपणे मोठा व एक्झिफ असलेला ठेवा. तिसरा, एकामागोमाग काढलेले पाच-सहा सारखे फोटो. इथे यंत्राला हात लावू देऊ नका. समूहफोटोत एकात आजीचे डोळे मिटलेले असतात, दुसऱ्यात बाळाचं तोंड वळलेलं. कोणता ठेवायचा ते घरच्यांनाच कळतं. घाई नसेल तर सगळे राहू द्या. एकाच नावाची रॉ आणि जेपीजी अशी जोडी दिसली तर ती जुळी नाहीत, दोन्ही एकत्रच ठेवा.

फोल्डरची रचना साधी असू द्या. वर्षाचा फोल्डर, त्याच्या आत तारीख आणि प्रसंग, आणि तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस याच क्रमानं. प्रसंगाचं नाव खुशाल मराठीत लिहा, आकडे मात्र सगळीकडे इंग्रजी ठेवा. काही फोल्डर मराठी आकड्यांत आणि काही इंग्रजीत असले की कॉम्प्युटर त्यांचे दोन वेगळे गट लावू शकतो आणि वर्षांचा क्रम तुटू शकतो. ‘लग्नं’, ‘सहली’, ‘वाघ’ असे विषयवार फोल्डर करू नका. ताडोब्याला गेलेल्या सहलीत ताईचा वाढदिवस आला तर फोटो कुठे टाकणार? फोल्डर तारखेचा, बाकी सगळं टॅगमध्ये.

आणि आता नावं. हे काम उरलं तर सगळं केलेलं अर्धवट आहे.

चेहरे ओळखायला डिजिकॅम वापरा. ते तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं, फोटो बाहेर जात नाहीत. मोठ्या माणसांना ते छान ओळखतं. मुलांच्या बाबतीत दर दोन-तीन वर्षांचे थोडे फोटो स्वतः दाखवून द्यावे लागतात, नाहीतर चार वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांचा भाचा एकच माणूस होतात. पण यंत्र फक्त ‘हा तोच चेहरा’ इतकंच सांगतं. चेहऱ्याला नाव माणसानंच द्यायचं.

त्यासाठी आईला, आत्याला बोलवा. लॅपटॉप टीव्हीला जोडा, म्हणजे चष्मा सावरत वाकून बघावं लागत नाही. एका बैठकीला चाळीस-पन्नास फोटोंच्या वर घेऊ नका, थकवा आला की माणसं ‘असेल कुणीतरी’ म्हणू लागतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करत राहा आणि लिहिणं नंतर करा; लिहिण्यासाठी बोलणाऱ्याला थांबवलं की धागा तुटतो. समूहफोटोत रांगेनं जा, डावीकडून उजवीकडे. आणि नुसतं ‘हा कोण’ विचारू नका, ‘हे घर कुठलं’, ‘ही साडी कुणी घेतली’ असंही विचारा, त्यातून माणसं निघतात. काटोलकडच्या एका घरचा १९६०च्या आसपासचा लग्नाचा फोटो मी असाच लावून दिला होता. मागच्या रांगेत फेटा बांधलेला एक उंच गृहस्थ, आणि घरातल्या तिन्ही भावांनी तो दूरचा काका असणार असं ठरवून टाकलं होतं. आजी उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हा आपल्या घरचा नोहे जी. गाडीवान होय तो. त्याच्याच दमनीत बसून मी या घरी आली.’ त्या घरात हे सांगू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

नावं कशी लिहावीत यालाही नियम हवा. ‘आबाजी’, ‘मोठी आई’, ‘माई’ असं लिहू नका. आज तुम्हाला कळतं. भावाची मुलं मोठी होतील तेव्हा त्यांची मोठी आई म्हणजे तुमच्यातलीच कुणीतरी असेल. पूर्ण नाव लिहा, घरातलं हाकेचं नाव त्याच्यापुढे जोडा, आणि नातं एकाच माणसाच्या अंगानं सांगा, जसं ‘बाबांची मावशी’. लग्न झालेल्या बायकांचं माहेरचं नावही टाका. हे मी आग्रहानं सांगतो. लग्नाआधीचे आणि नंतरचे फोटो दोन वेगळ्या नावांखाली विखुरले की त्या बाईचं अर्धं आयुष्य संग्रहात सापडतच नाही.

ही माहिती फोटोच्या आत किंवा त्याच्या शेजारच्या एक्सएमपी फाइलीत (फोटोची माहिती ठेवणारी छोटी फाइल) लिहिली जाते आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन तपासा. अ‍ॅडोबीच्या लाइटरूम क्लासिकमध्ये ती आधी फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत, बसते, आणि ‘मेटाडेटा फाइलीत सेव्ह करा’ असं सांगेपर्यंत फोटोला स्पर्शही करत नाही. उद्या वर्गणी थांबली, कॅटलॉग हरवला, की नावं गेली. देवनागरीसाठी एक खास खबरदारी आहे. फोटोत माहिती लिहायच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रासुद्धा वेगळं चिन्ह धरलं जातं. म्हणजे एकवीस चिन्हांत खेळ संपला. तीन शब्दांचं पूर्ण नाव शेपूट कापून सेव्ह होऊ शकतं. एक्सएमपीला ही अडचण नाही, म्हणून लिहायचं ते एक्सएमपीत. बाबांनी फार पूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या याद्या सापडल्या आणि त्या निरर्थक अक्षरांसारख्या दिसल्या तर त्याही ठेवा. मजकूर शाबूत असतो, युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात.

सॉफ्टवेअरचा प्रश्न यात सुटला असेल. घरगुती संग्रहाला डिजिकॅम पुरेसं आहे. लाइटरूम तुम्हाला आधीपासून येत असेल तरच घ्या.

आता पेंचच्या रॉ फाइली. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, फोटो सुधारताना त्या नोंदीला धक्का लागत नाही. तुम्ही केलेली सुधारणा वेगळी लिहिली जाते, सॉफ्टवेअरप्रमाणे शेजारच्या फाइलीत किंवा त्याच फाइलीच्या वेगळ्या भागात. निकॉनच्या असतील तर एनएक्स स्टुडिओ आणि कॅननच्या असतील तर डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं, आणि डार्कटेबल दोन्ही उघडतं. छाटणी करायचीच असेल तर ती इथे करा, कारण सेकंदाला आठ-दहा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यानं जागा इथेच खाल्लेली असते. पहिल्या फेरीत एकच गोष्ट बघा: प्राण्याचा डोळा धारदार आहे का? नसेल तर बाद. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतून प्रत्येक दर्शनाचे तीन-चार निवडा. पण एक अपवाद करा. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि त्याच वाघाची डावी बाजू उजवीसारखी नसते. ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. म्हणून फोटो दिसायला साधा असला तरी प्रत्येक वाघाची एक स्वच्छ डावी आणि एक स्वच्छ उजवी बाजू ठेवा, आणि टॅगमध्ये गेट लिहा, सिल्लारी की खुर्सापार. बाबांनी वर्षानुवर्षं एकाच जंगलात काढलेले, तारीख आणि गेट असलेले फोटो नुसते छंदाचे राहत नाहीत. त्या जंगलाची ती नोंद आहे.

रंग सुधारण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सगळे फोटो सुधारत बसू नका. ज्यांची प्रत काढायची, जे कुणाला द्यायचे, तेवढेच घ्या. एका उजेडातले फोटो एकत्र करा, एक नीट करा आणि तीच सेटिंग बाकीच्यांना लावा. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या व्हिडिओ लाइटचा रंग काढायला पांढरं उपरणं किंवा पांढरा सदरा धरून व्हाइट बॅलन्स घ्या. हळदीच्या फोटोंना मात्र आपोआप रंग सुधारणारं बटण दाबू नका. ते पिवळा रंग हा दोष समजतं आणि नवरीच्या अंगावरची हळदच धुऊन टाकतं. जेपीजी पुन्हा पुन्हा त्याच नावानं सेव्ह करू नका, दर वेळी थोडी गुणवत्ता जाते. सुधारलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवा. छपाईला चार बाय सहा इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचा चांगला फोटोही त्या आकारात बऱ्यापैकी निघतो.

जुना फाटका फोटो एआयनं नवा करून देणारी अ‍ॅप्स आली आहेत. ओरखडे, डाग काढायला ती वापरा. चेहरा धारदार करायला लावलं की ती डोळे, दात, ओठ आपल्या मनानं भरतात, आणि फोटोतले आजोबा दुसऱ्याच कुणाचे आजोबा होतात. असा फोटो करून भिंतीवर लावायचा असेल तर लावा, पण फाइलीच्या नावात ‘एआय’ लिहा आणि मूळ स्कॅन त्याच्या शेजारी ठेवा.

राहिला भाऊ. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आमच्या धंद्यात सगळे पाळतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तुमचा भाऊ बंगळुरूला आहे, म्हणजे दुसरं ठिकाण तुम्हाला आयतंच मिळालं. तुमच्या कपाटात एक डिस्क, त्याच्या घरी एक, आणि निवडक फोटो पैसे भरून क्लाउडवर. पडून राहणाऱ्या प्रतीला एसएसडी घेऊ नका. ती वर्षानुवर्षं विजेशिवाय राहिली तर माहिती जाऊ शकते, साधी हार्ड डिस्कच बरी. तीही सहा महिन्यांनी एकदा लावून चालवून बघायची. भावाची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे त्याच्याकडे मॅक असला तरी वाचता-लिहिता येईल. नातेवाइकांना थोडे फोटो पाठवायचे असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ आकार आणि तारीख दोन्ही शाबूत राहतात. त्याच कारणानं फोटो काढल्याचं ठिकाणही सोबत जातं, तेव्हा अनोळखी गटात टाकण्याआधी घराचं आणि वाघाचं, दोन्ही ठिकाणांचं जीपीएस काढून टाका.

डिस्क कुरिअरनं पाठवण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्या. तिच्यावर हॅशची यादीही ठेवा. ती करायला हॅशचेकसारखं छोटं साधन पुरतं. डिस्क पोचली की भावाला ती यादी चालवून पडताळा घ्यायला सांगा, आणि तो बिनचूक आल्याचा निरोप येईपर्यंत पिशवीतलं एकही जुनं कार्ड फॉरमॅट करू नका.